कोस्टा रिका : पाठीवर सॅक, पायात गमबूट

पायवाटकर

कोस्टा रिकाबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते आणि दरवेळी उत्तरं चार धाग्यांवर सांडून जातात. म्हणून हा वेगळा धागा. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात मी आणि बायको सॅक घेऊन तिथे हिंडलो. भाड्याची गाडी घेतली नाही. बस, होड्या आणि पाय एवढ्यावरच भागवलं. तेव्हा त्याच बेताने वाचा, रिसॉर्टवाल्यांना यात फारसं काही मिळणार नाही.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. देश मध्य अमेरिकेतला, ५१,१०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राचे सहा तुकडे केले तर त्यातला एक. पण मधोमध डोंगरांची आणि ज्वालामुखींची रांग, एकीकडे पॅसिफिक, दुसरीकडे कॅरिबियन समुद्र. त्यामुळे 'छोटासा तर देश आहे, आठवड्यात उरकेल' हा हिशेब बसमध्ये बसल्यावर कोलमडतो. राजधानी सान होसेहून दक्षिणेकडच्या पुएर्तो हिमेनेसला जायचं तर अख्खा दिवस जातो. हवेचंही तसंच. पॅसिफिक बाजूला मे ते नोव्हेंबर पाऊस, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात बेकार. नेमके तेच दोन महिने कॅरिबियन किनाऱ्यावर त्या मानाने कोरडे असतात. एरवी पावसाळ्यातही सकाळ बहुधा मोकळी मिळते, दुपारनंतर धुवाधार.

माझं मत सरळ आहे : ठिकाणं गोळा करत फिरू नका. दहा दिवसांत सात गावं करणारे खूप भेटले, आणि 'प्राणी फारसे दिसले नाहीत' असं कुरकुरणारेही नेमके तेच. जंगल जागं असतं ते पहाटे आणि अंधार पडल्यावर. विषुववृत्ताजवळचा देश, बारा महिने सूर्य साडेपाचच्या आगेमागे उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. ज्या दिवशी सकाळची बस पकडायची, त्या दिवसाची पहाट गेलीच, आणि नव्या गावात पोहोचून खोली शोधेपर्यंत संध्याकाळही संपते. प्रत्येक नवं ठिकाण तुमचा जंगलातला एक दिवस खातं. तीन ठिकाणं निवडा आणि तिथे मुक्काम ठोका.

आम्ही निवडलेली तीन : ला फोर्तुना, मोंतेवेर्दे आणि ओसा द्वीपकल्प.

ला फोर्तुना हे आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याचं गाव. कित्येक शतकं गप्प बसलेला हा डोंगर २९ जुलै १९६८ला फुटला, आसपासची तीन खेडी गेली, आणि पुढे २०१०पर्यंत तो धुमसत होता. काही माहितीपत्रकांवर रात्री लाल ओघळ वाहतानाचे फोटो अजून छापतात. भुलू नका, आता लाव्हा नाही. आहे ते थिजलेल्या काळ्या खडकांवर चढत चाललेलं नवं रान, आणि तेही बघण्यासारखं आहे.

तिथून मोंतेवेर्देला जायला व्हॅन, मग आरेनाल तलावातून होडी, मग परत व्हॅन असा जोडप्रवास मिळतो. तीन-चार तासांत पोहोचता. बसने तिलारानवरून गेलात तर पैसे वाचतात पण दिवस मोडतो. मोंतेवेर्दे हे १४०० मीटरच्या आसपासचं ढगांतलं जंगल. तिथे पाऊस पडतोच असं नाही, ढगच झाडांतून वाहत जातो आणि पानापानांवरून ठिबकतो. एकेका फांदीवर शेवाळ, नेचे, ऑर्किड यांचा असा पसारा की मूळ झाडाचं पान कुठलं ते ओळखू येत नाही. या गावाचा इतिहासही मजेदार आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामातून क्वेकर पंथाची काही कुटुंबं इथे आली. युद्ध त्यांच्या धर्मात बसत नव्हतं, सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून त्यांच्यातले काही तुरुंगातही गेले होते. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच मोडीत काढलं होतं, म्हणून त्यांनी हा देश निवडला. दुभती जनावरं पाळली, चीज करायला लागले, आणि पाण्याचे झरे आटू नयेत म्हणून डोंगरमाथ्याचं जंगल तोडायचं नाही असं ठरवलं. १९७२ मध्ये जे राखीव जंगल झालं त्यात पुढे तो माथाही आला.

ओसाबद्दल लिहायला बसलो तर हाच लेख तिप्पट होईल. प्रश्न येतील तसं सांगतो.

सावली७८

छान सुरुवात. दोन प्रश्न. खर्च साधारण किती येतो? आणि शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे?

पायवाटकर

सावलीताई, खर्चाचं आधीच सांगतो, मध्य अमेरिकेत स्वस्तात फिरायचं असेल तर हा देश नव्हे. चलन कोलोन, एका डॉलरला साधारण पाचशे धरा म्हणजे डोक्यात हिशेब सोपा जातो. हॉस्टेलमध्ये सामायिक खोलीतली खाट बारा ते वीस डॉलर. साधी बस स्वस्त, लांबच्या प्रवासालाही काही हजार कोलोनच लागतात. पैसा जातो तो उद्यानांच्या तिकिटांत आणि गाईडमध्ये. परदेशी माणसाला बहुतेक राष्ट्रीय उद्यानांचं तिकीट दहा ते अठरा डॉलरच्या घरात पडतं.

जेवायला 'सोदा' शोधायचा, म्हणजे घरगुती खानावळ. तिथे 'कासादो' मागा : भात, काळा किंवा लाल घेवडा, तळलेलं पिकलं केळं, कोशिंबीर आणि सोबत मांस किंवा मासा. मांस नको म्हटलं की त्याजागी अंडं, चीज किंवा भाजी देतात. साडेतीन ते पाच हजार कोलोनमध्ये पोट टम्म. सकाळी 'गाल्यो पिंतो', म्हणजे आदल्या दिवशीचा भात आणि घेवडा एकत्र परतून. फक्त काटेकोर शाकाहारी असाल तर 'मान्तेका' वापरता का ते विचारा, काही ठिकाणी परतायला डुकराची चरबी असते. नळाचं पाणी बहुतेक गावांत पिण्यालायक आहे, आम्ही बाटल्या विकत घेतल्याच नाहीत.

टकमक

लेख चांगला आहे पण गाईडचा उल्लेख वाचून डोकं फिरलं. आयुष्यभर डोंगर एकट्याने चढलोय. ओसावरच्या कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात गाईडशिवाय पाऊल टाकता येत नाही म्हणे. हे जंगल की संग्रहालय? आखलेल्या पायवाटा, लोखंडी झुलते पूल, तारेवरून घसरत ओरडणारी पोरं, आणि प्रत्येक धबधब्याला तिकीटखिडकी. सगळं पाकिटबंद! पैसेवाल्यांसाठी सजवलेलं रान बघायला मी इतक्या लांब का जाऊ?

बेडूकराव

टकमक, तुमचा राग निम्मा पटतो. त्या तारेवरच्या घसरगुंडीचं मलाही कौतुक नाही, जनावरं अर्धा किलोमीटर आधीच पसार होतात. पण गाईडचं म्हणाल तर थोडं सविस्तर लिहितो. माझा विषय बेडूक, त्यामुळे कंटाळा आला तर गाळून पुढे जा.

कोर्कोवादोत २०१४पासून गाईड सक्तीचा आहे. आता तिथे काय आहे ते बघा. १९७५ मध्ये उद्यान झालं, त्यानंतरही सोनं शोधणारे आत घुसून नद्या उपसत होते. १९८६ मध्ये त्यांना बाहेर काढलं. आज उद्यानातल्या सिरेना या वनरक्षकांच्या ठाण्याच्या आसपास बेअर्ड्स टॅपिर दिसायची जितकी शक्यता आहे तितकी जगात फार थोड्या जागी असेल. तीनशे किलोपर्यंतचं धूड, सोंडेसारखं नाक, दिवसा चिखलात डुलक्या काढत पडलेलं असतं. देशातल्या माकडांच्या चारही जाती त्याच उद्यानात आहेत : हाउलर, स्पायडर, पांढऱ्या तोंडाची कॅपुचिन आणि इवलीशी स्क्विरल. हे सगळं बघायला डोळे हवेत, आणि ते आपल्याकडे नसतात. मी प्राणिशास्त्र शिकलोय, तरी गाईडने दुर्बीण लावून दाखवेपर्यंत मला समोरच्या झाडावरचा स्लॉथ म्हणजे वाळवीचं वारूळ वाटत होता.

दुसरी गोष्ट, तेर्सिओपेलो. हा तिथला फुरशाच्या कुळातला मोठा भाऊ, बोथ्रॉप्स आस्पेर. देशातल्या सर्पदंशांत सर्वाधिक वाटा याचा. पाचोळ्यावर वेटोळं घालून बसला की तुमच्या बुटापासून हातभरावर असला तरी दिसत नाही. म्हणून गमबूट, आणि म्हणून पुढे चालणारा जाणकार माणूस. याच्या विषावरचं औषध, म्हणजे प्रतिविष, तिथेच तयार होतं. विद्यापीठाची क्लोदोमिरो पिकादो नावाची संस्था १९७०पासून ते काम करते. त्यामुळे साप चावून मरणारे आता फार कमी, पण सिरेनाहून दवाखाना गाठायला होडी किंवा विमान लागतं हे विसरू नका. शिवाय सिरेना नदीच्या मुखाशी मगरी आणि बुल शार्क, दोघंही येतात. नदी कधी आणि कुठून ओलांडायची हे भरती-ओहोटीवर ठरतं.

आता बेडूक. मोंतेवेर्देत किंवा सारापिकीत एक रात्रफेरी कराच. लाल डोळ्यांचा हिरवा बेडूक सगळ्यांना माहीत असतो, पण माझा जीव काचबेडकात अडकलाय. ओढ्यावर वाकलेल्या पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेला असतो. पोटाची कातडी इतकी पारदर्शक की आतलं धडधडणारं काळीज दिसतं. हा झोपतो तेव्हा रक्तातल्या बहुतेक तांबड्या पेशी यकृतात कोंबून ठेवतो, त्यामुळे अंग जवळजवळ अदृश्य होतं. २०२२ मध्ये हे शोधून काढलं. एवढ्या पेशी एका जागी दाटूनही गुठळी कशी होत नाही, यावर आता वैद्यकवाले डोकं लावून बसलेत. काही जातींत अंड्यांवर पहारा बाप देतो.

आणि एक बेडूक तुम्हाला दिसणार नाही. मोंतेवेर्देच्या माथ्यावर सोनेरी भेक होता, नर अक्षरशः झेंडूच्या रंगाचे. १९८७च्या हंगामात दीड हजारांहून अधिक मोजले होते. पुढच्या वर्षी मोजून दहा. १९८९ मध्ये एक नर. त्यानंतर कोणालाही नाही. २००४ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. बेडकांना मारणारी कायट्रिड नावाची बुरशी आणि त्याच सुमाराला पडलेली कोरडी वर्षं, यांतलं कशाचं पारडं किती जड यावर अजून वाद आहेत. राखीव जंगल होतं, कुंपण होतं, शास्त्रज्ञ होते. तरी गेला. तेव्हा बुटांबरोबर बुरशी आत जाऊ नये म्हणून बूट धुऊन आत जा असं सांगितलं तर मुकाट्याने धुवा.

चिंगी

बेडूकराव, प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली)!

टकमक

सापाचा मुद्दा मान्य. पण धबधब्याला काय साप चावतो का? ला फोर्तुनाच्या धबधब्याला वीस डॉलरच्या आसपास घेतात. पाणी वरून खाली पडतं, त्याचे वीस डॉलर?

पायवाटकर

टकमक साहेब, सत्तर मीटरवरून पडतं आणि बघायला पाचशे पायऱ्या उतरून, मुख्य म्हणजे परत चढून यावं लागतं. ते पैसे सरकारकडे किंवा कुठल्या शेठजीकडे जात नाहीत. धबधबा गावाच्या विकास संघटनेकडे आहे, त्यातून गावातली कामं होतात. तरीही परवडत नसेल तर ला फोर्तुनातच, गावाबाहेरच्या पुलाखाली एल साल्तो नावाचा डोह आहे. गावची पोरं दोरीला लोंबकळून उड्या मारतात, फुकट. तसंच ताबाकोनच्या महागड्या गरम कुंडांशेजारी त्याच ऊन पाण्याची नदी रस्त्यालगत वाहते. आम्ही अंधार पडायच्या आत जाऊन बसलो होतो. किमती वस्तू खोलीवर ठेवा, काठावरची पिशवी पळवतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो नाउयाका. दोमिनिकाल आणि सान इसिद्रो यांच्या मधल्या डोंगरात आहे. दोन टप्पे, वरचा पंचेचाळीस मीटरचा, खालचा वीस मीटरचा पण रुंद, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा, आणि त्याखाली पोहायला खोल डोह. चालत गेलात तर जाऊन येऊन निम्मा दिवस. सकाळी पहिल्यांदा पोहोचलो तेव्हा तासभर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. दहानंतर गर्दी लोटते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी डोक्यात ठेवा. तिथे तिला 'काबेसा दे आग्वा' म्हणतात, म्हणजे डोंगरमाथ्यावर पाऊस झाल्यावर नदीतून अचानक येणारा लोंढा. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि वर कुठेतरी ढग फुटलेला असतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्यापाला वाहून यायला लागला, किंवा धबधब्याचा आवाज बदलला, की फोटो, चपला, टॉवेल सगळं सोडून वर चढायचं. दरवर्षी यात माणसं जातात. पावसाळ्यात धबधबे सकाळीच करा, दुपारी नाही.

नोंदवही

टकमक यांच्या 'पैसेवाल्यांसाठी सजवलेलं रान' यावर थोडं. हे रान मुळात परत आणलेलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून गोमांसाच्या निर्यातीसाठी कुरणं करायची म्हणून इथे बेसुमार जंगलतोड झाली. १९८०च्या दशकात देशाच्या जेमतेम पाव जमिनीवर जंगल उरलं होतं. आज ते निम्म्याहून जास्त आहे. उष्ण कटिबंधात अशी उलटी चाल फार थोड्या देशांना जमली.

कशी जमली? १९९६च्या वन कायद्याने जंगलाचा पालट करायला, म्हणजे ते तोडून शेत किंवा कुरण करायला, बंदी घातली. १९९७पासून खाजगी जमिनीवर जंगल राखणाऱ्याला सरकार हेक्टरी पैसे देऊ लागलं. त्याचा मोठा भाग इंधनावरच्या करातून येतो. शेतकऱ्याला असं सांगितलं की तुझं जंगल कर्ब शोषतं, पाणी धरतं, त्यात जीव राहतात, डोंगर देखणा ठेवतं, या चार सेवांचे हे पैसे. बीफचे भाव पडले होते हेही तितकंच खरं, एकट्या कायद्याला श्रेय देऊ नये. पण पर्यटकाच्या तिकिटाचं गणित यात बसतं. सान खेरार्दो दे दोताच्या थंड दरीत शेतकरी रानटी अव्होकॅडोची झाडं राखून ठेवतात, कारण केत्साल पक्षी ती फळं खायला येतो आणि केत्साल बघायला माणसं येतात. झाड उभं ठेवण्यात पैसा आहे म्हणून झाड उभं आहे. मला यात काही ओंगळ वाटत नाही.

अवांतर : वायव्येकडच्या ग्वानाकास्तेत कोरडं पानगळी जंगल आहे, तिथला हा किस्सा. १९९०च्या दशकात एका संत्रारस कंपनीने करारानुसार सुमारे १२,००० टन साली आणि चोथा राष्ट्रीय उद्यानातल्या ओसाड कुरणावर टाकला. प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली, प्रकार बंद पडला, सगळे विसरले. पंधरा-सोळा वर्षांनी संशोधक परत गेले तर त्या जागेची पाटीसुद्धा झाडोऱ्यात सापडेना. मोजल्यावर साली पडलेल्या भागात झाडांचं वस्तुमान शेजारच्या तुकड्याच्या तुलनेत १७६ टक्के वाढलेलं निघालं.

टकमक

हे माहीत नव्हतं. वाचतोय.

चिंगी

माझी रिओ सेलेस्तेची रडकथा. तेनोरिओ ज्वालामुखीच्या उद्यानात निळ्याशार पाण्याचा धबधबा आहे, सगळ्यांनी फोटो पाहिला असेलच. मीही तो पाहूनच गेले. आदल्या रात्री तुफान पाऊस झालेला, आणि समोर दुधाच्या चहाचा धबधबा! सोबतची जर्मन मुलगी तर रडायचीच बाकी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेलो, परत तिकीट काढून, तेव्हा निळं मिळालं. आणि काय निळं! रंग कालवून ओतल्यासारखं. त्या पाण्यात उतरायला बंदी आहे, ते बरंच आहे.

असं का होतं कुणी सांगेल का? तिथल्या पाटीवर देवाने आभाळ रंगवून ब्रश धुतले वगैरे होतं.

बेडूकराव

चिंगी, पाण्यात रंग नाहीच. बाटलीत भरलंत तर साधं दिसेल. दोन ओढे जिथे मिळतात तिथपर्यंत पायवाट जाते, तिथे थांबला असाल तर रेघ मारल्यासारखा बदल दिसला असेल. दोन्ही ओढे स्वच्छ, मिळाल्याबरोबर निळे. एका ओढ्याच्या पाण्यात ॲल्युमिनोसिलिकेट या खनिजाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. दुसऱ्याचं पाणी ज्वालामुखीमुळे आम्लधर्मी. दोन्ही मिसळले की आम्लामुळे ते कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि त्या ठरावीक आकाराचे कण सूर्यप्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. तिथल्याच दोन विद्यापीठांच्या लोकांनी २०१३ मध्ये हे दाखवून दिलं. मोठ्या पावसात माती मिसळली की खेळ खलास. म्हणून तिकीट आधी काढू नये, सकाळी मुक्कामाच्या मालकाला नदी कशी आहे ते विचारावं.

देशी_बदाम

माझा आयडी आज सार्थकी लागणार आहे. ओसाच्या किनाऱ्यावर लाल मकाव पोपटांचे थवे बघितले. तांबडे, पिवळे, निळे, आणि आवाज असा की कान किटतात. ते ज्या झाडावर बसून फळं फोडत होते ते झाड ओळखीचं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर चक्क आपला देशी बदाम, शाळेच्या मैदानात असायचा तोच! झाड मूळचं आशियाकडचं, तिथे बाहेरून आलेलं. पण मकावांना त्याची अशी चटक लागलीय की पोपट बघायचे असतील तर किनाऱ्यावरच्या बदामाखाली जाऊन बसायचं. खाली फोडलेल्या कवचांचा सडा, आणि मधूनच एखादं डोक्यात.

सावली७८

किती छान! कासवांबद्दल कोणी सांगाल का? ऑगस्टमध्ये मुलगी अमेरिकेहून येऊन मला तिथे नेणार म्हणतेय. माझं वय एकसष्ट, गुडघे बेताचे.

नोंदवही

सावलीताई, ऑगस्ट म्हणजे अगदी योग्य. कॅरिबियन बाजूच्या तोर्तुगेरोला हिरवी समुद्री कासवं जुलै ते ऑक्टोबर अंडी घालायला येतात. तिथे रस्ता जात नाही. ला पावोनाच्या धक्क्यापर्यंत बस, पुढे नदीतून होडी, आणि होडीतूनच मगरी-इग्वाना दिसायला लागतात. गुडघ्यांना हे ठिकाण सगळ्यात सोयीचं, कारण गाव सपाट आहे आणि जंगल कालव्यांतून नावेत बसून बघायचं असतं. पहाटेची नाव घ्या, शक्यतो वल्ह्याची, इंजिनाची नको.

कासवं बघायला रात्री परवानाधारक गाईडबरोबरच जाता येतं. गडद कपडे, फोन आणि कॅमेरा अजिबात नाही, विजेरी फक्त गाईडची आणि तीही लाल. मादी खड्डा खणत असताना जवळ जाऊ देत नाहीत. अंडी घालायला लागली की ती तंद्रीत असते, तेव्हा मागच्या बाजूने दाखवतात. १९५०च्या दशकात आर्ची कार नावाचे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ इथे आले, तेव्हा मांसासाठी आणि अंड्यांसाठी कासवं सर्रास मारली जात होती. १९५९ मध्ये संवर्धन संस्था उभी राहिली, १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. पूर्वी अंडी उकरणारी घरं आता कासवं दाखवून जगतात.

मनवा_एकटी

एकट्या मुलीने फिरणं कितपत बरं? आणि सामानात काय?

चिंगी

मनवा, मी बराचसा भाग एकटीनेच केला. दिवसा काही वाटलं नाही. सान होसेत अंधारानंतर बसथांब्यांच्या भागात पायी फिरू नकोस, टॅक्सी कर. बसमध्ये छोटी सॅक मांडीवर, वरच्या फळीवर नाही. माझ्या शेजारच्या बाईची तिथूनच गेली. पत्ते विचित्र असतात, रस्त्याला नाव नाही, 'चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला' असं सांगतात. समुद्रात मात्र सांभाळ, खेचून नेणारे प्रवाह फार आहेत. ओढला गेलीस तर किनाऱ्याकडे झगडू नकोस, आडवी पोहत बाहेर पड.

सामान कमी. जीन्स नको, वाळतच नाही. पटकन वाळणाऱ्या दोन जोड्या, सगळं आतून प्लास्टिकच्या जाड पिशवीत, डोक्याला लावायची विजेरी, दुर्बीण हवीच. आणि मोंतेवेर्दे, दोता यांसाठी एक गरम कपडा. उष्ण कटिबंध म्हणून मी नेला नाही आणि दोतात रात्रभर कुडकुडत होते.

आणखी एक, प्राण्याला हात लावून किंवा उचलून फोटो काढू देणारं 'अनाथालय' कुणी सुचवलं तर जाऊ नकोस. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनेच अशा सेल्फींविरुद्ध मोहीम काढली होती.

देशी_बदाम

मानुएल आंतोनियोला जाणार असाल तर खायचं काहीही नेऊ नका, फाटकावर पिशव्या तपासतात. किनाऱ्यावरची कॅपुचिन माकडं चेन उघडतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. तिकीट आधी ऑनलाइनच काढावं लागतं आणि मंगळवारी उद्यान बंद. गर्दी नको असेल तर कॅरिबियनवरचं काउइता बघा. गावाकडच्या फाटकातून ऐच्छिक देणगी देऊन आत जाता येतं, गावकऱ्यांचा कारभारात वाटा आहे. स्लॉथ, माकडं आणि डोळ्यांवर पापणीसारखे खवले असलेला पिवळाधमक साप, सगळं सपाट वाटेवर. सावलीताई, तुमच्या गुडघ्यांना हेही चालेल.

सावली७८

लिहून घेतलं. व्हिसाचं काय?

पायवाटकर

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही. नसेल तर दिल्लीच्या दूतावासातून काढायचा. नियम बदलत असतात, तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्या पानावर खात्री करा. परतीचं किंवा पुढचं तिकीट दाखवावं लागतं. कोलंबिया, पेरू, ब्राझील करून तिथे येणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, आणि ती लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी.

टकमक

पायवाटकर, एक विचारायचं होतं. सिरेनाला मुक्काम करायचा असेल तर किनाऱ्याने चालत जाता येतं का? होडीने नाही, चालत. आणि ऑगस्ट चालेल का?

पायवाटकर

येतं की. पुएर्तो हिमेनेसहून सकाळी सामायिक ट्रक काराते गावापर्यंत जातो, तिथे रस्ता संपतो. मग वाळूतून ला लेओना ठाणं, आणि पुढे सिरेनापर्यंत किनारा आणि जंगल आलटून पालटून. सगळं मिळून वीस किलोमीटरच्या आसपास, पण वाळूत ते तीस वाटतात. सावली कमी, म्हणून जमेल तितक्या लवकर निघा. ओहोटीची वेळ बघूनच ओढे ओलांडायचे. ओसाच्याच किनाऱ्यावरच्या द्राके गावाहून होडीने एका दिवसात जाऊन यायचं तर गाईडसकट शंभर डॉलरच्या आसपास, मुक्कामाचं त्याच्या तिप्पट धरा. बाहेरचं अन्न आणि वापरून फेकायचं प्लास्टिक आत नेता येत नाही, जेवण ठाण्यावरच. रात्री ठाण्याबाहेर फिरायला परवानगी नाही, पण पहाटे चारला हाउलर माकडं ओरडायला लागली की झोप आपोआप उडते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायकोला वाटलं जवळच वाघ आहे.

ऑगस्ट चालेल, नद्या अजून आटोक्यात असतात. जागा मोजक्या आणि परवाना गाईडमार्फतच निघतो, त्यामुळे आत्ताच लिहून ठेवा. पासपोर्टवर आहे तेच नाव द्या, ठाण्यावर ताडून बघतात. गमबूट तिथे भाड्याने मिळतात, पण पाऊल मोठं असेल तर इथूनच न्या.

टकमक

अकरा नंबर लागतो. इथूनच नेतो. गाईड कसा निवडायचा तेवढं सांगा.

बेडूकराव

परवाना विचारा, आणि गटात किती माणसं घेतो ते विचारा. चार-पाचच्या वर असतील तर दुसरा बघा. बेडूक माहीत असलेला मिळाला तर मला कळवा.